कोणाला कळवावे

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर आठ फॉर्म पसरून तो बसला होता, आणि सातव्या फॉर्मवर त्याचा हात थांबला. फॉर्म त्यानेच तयार केला होता. नाव, वय, रक्तगट, काही जुना आजार असल्यास, चालू औषधं असल्यास, आणि सगळ्यात खाली: आणीबाणीच्या प्रसंगी कोणाला कळवावे, नाव, नाते, फोन. उद्या सकाळी आठ जणांना घेऊन तो डोंगराकडे सायकलींवर निघणार होता. सगळ्यांचे हे शेवटचे नंबर एका जाड कार्डावर बारीक अक्षरात उतरवून ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवायचं, असा त्याचा बेत होता. सहा नंबर उतरवून झाले होते. त्यांतल्या दोघांनी तर त्याचाच नंबर दिला होता. रिटायर झालेल्या कॅशियरकाकांनी नात्याच्या जागी ‘ग्रुप लीडर’ असं लिहिलं होतं, कारण बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. कपडे शिवणाऱ्या बाईंनी ‘भावासारखे’ असं लिहून पुढे एक लहानसं फूल काढलं होतं. ते वाचून तो स्वतःशीच हसला होता, त्याला बरं वाटलं होतं. सातवा फॉर्म बायकोचा होता. तिचं ते तिरकं, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर लेबलं लिहून लिहून टोकदार झालेलं अक्षर. रक्तगट बरोबर होता. आजार, काही नाही. आणि खाली नावाच्या जागी त्याच्या धाकट्या भावाचं नाव होतं. नाते: दीर.

पहिल्यांदा त्याला वाटलं, हा फॉर्म दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. मग वाटलं, तिने गमतीत लिहिलंय. मग त्याने फोन नंबर वाचला, आणि शेवटचे चार आकडे वाचायच्या आधीच ते त्याच्या तोंडात आले. सात वर्षांपूर्वी हा नंबर त्याने फोनमधून काढून टाकला होता, पण नंबर गेला नव्हता. आत कुठेतरी बसून होता. डोक्यावरचा पंखा एरवीसारखाच फिरत होता, फॉर्मचे कोपरे फडफडत होते, शेजारच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं, आणि या सगळ्याचा आवाज एकाएकी लांबून आल्यासारखा झाला. तो उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला. नाव तेच होतं. त्याने फॉर्म पालथा घातला आणि त्यावर पेपरवेट ठेवलं, जणू तो उडून जाईल किंवा तिथून आणखी काही बाहेर येईल.

तो शहराच्या बस डेपोत वेळापत्रकं बनवायचा. कुठली गाडी किती वाजता कुठून सुटेल, ड्रायव्हर कुठे बदलेल, कुठल्या स्टॉपवर किती मिनिटं जादा धरायची, हे त्याचं एकवीस वर्षांचं काम. त्यामुळे सायकलींच्या ग्रुपमध्ये सगळे त्याला ‘टाइमटेबल’ म्हणत आणि त्याला ते आवडे. पुढच्या महिन्यात त्यांना दोन दिवसांची मोठी राइड करायची होती. त्याआधी पाय आणि छाती तयार व्हावी म्हणून ही उद्याची चौसष्ट किलोमीटरची फेरी. मागच्या दोन रविवारी तो एकटाच जाऊन रस्ता बघून आला होता. तीन चढ. पहिला लांबट पण सोपा, दुसरा आखूड आणि खडा, तिसरा खिंडीपर्यंत साडेचार किलोमीटर, आणि त्यानंतर एकच मोठा उतार, थेट पलीकडच्या तालुक्याच्या गावापर्यंत. पाणी कुठे मिळेल, सावली कुठे आहे, कुठल्या वळणावर खडी सांडलीय, कुठे कुत्री अंगावर येतात, सगळं त्याने वहीत टिपलं होतं. उतारावर दोन सायकलींमध्ये सहा सायकलींचं अंतर. सगळ्यात पुढे, सगळे ज्याला ‘बांबू’ म्हणत तो उंच, काटकुळा कॉलेजातला मुलगा, कारण तो कितीही सांगितलं तरी पुढेच जाणार. सगळ्यात मागे तो स्वतः. आणि त्याच्या पुढे त्याची बायको, जिने गेल्या वर्षी सायकल शिकायला घेतली तेव्हा तो तिच्यामागे सीट धरून सबंध मैदान पळाला होता. ही तिची पहिलीच डोंगरातली राइड. काही झालं तर. हा शब्दप्रयोग त्याचाच. मीटिंगमध्ये तो नेहमी म्हणायचा, काही झालं तर काय करायचं ते आधी ठरवलेलं असलं, की काही होत नाही. लोक माना डोलवायचे.

भावाशी त्याचं बोलणं वडील गेले त्या दिवसापासून बंद होतं. धाकट्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि तो वडिलांजवळ राहायचा. त्या गुरुवारी वडिलांजवळ बसायची पाळी याची, थोरल्याची, होती. दुपारी वडील खुर्चीतून घसरले. याने भावाला फोन केले, फोनवर फोन केले, भावाने उचलले नाहीत. दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत तो कुणाचे तरी डोळे तपासत बसला होता. तो आला तेव्हा फार उशीर झाला होता. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. तेव्हा हा सगळ्यांसमोर, मावशीसमोर, बायकोसमोर, शेजाऱ्यांसमोर भावाकडे बोट करून म्हणाला होता, “तीन वीसपासून फोन करतोय मी याला. तीन वीसपासून!” धाकटा काही बोलला नव्हता. खिशातून फोन काढून त्याकडे बघत उभा राहिला होता. ते बघत उभं राहणंही याला उद्धटपणाचं वाटलं होतं. त्यानंतर सात वर्षं झाली. घरात भावाचा विषय निघत नसे. निघत नाही म्हणजे मिटला, असं तो समजून चालला होता. आणि आता पेपरवेटखाली तो विषय त्याच्या बायकोच्या अक्षरात पडला होता.

चारच्या सुमाराला ती आली. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या ॲसिडचा आंबूस वास तिच्या ओढणीला नेहमी यायचा, तसाच आज आला. “झाले का नंबर लिहून?” तिने चपला काढता काढता विचारलं. “होत आले,” तो म्हणाला. ती आत गेली, तोंड धुऊन आली, म्हणाली, “माझ्या मागच्या टायरमध्ये हवा किती ठेवू रे? जास्त ठेवली तर उतारावर उड्या मारतं ते.” त्याने आकडा सांगितला. स्वतःचाच आवाज त्याला नवलाचा वाटला, इतका साधा निघाला. आत्ता विचारावं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, काय विचारायचं? हे तू का लिहिलंस? ती सांगेल. आणि ती सांगेल, याचीच त्याला भीती वाटली. ती उकडलेले बटाटे सोलत होती, उद्याच्या डब्यासाठी, आणि तो तिच्या हातांकडे बघत होता. हे हात त्याच्या भावाचा नंबर लिहितात. न बघता लिहितात, एकही आकडा खाडाखोड न करता. म्हणजे पाठ आहे. म्हणजे ते बोलतात. कधीपासून? आपण डेपोत असताना? स्वयंपाकघरात हळू आवाजात जे बोलणं चालू असायचं, ते तिच्या आईशी चाललंय असं आपण समजत होतो, ते त्याच्याशी? कार्डावर सातवी ओळ त्याने कोरी ठेवली. मग कोरी ओळ बघवेना, म्हणून तिथे स्वतःचा नंबर लिहिला. मग खोडला. कार्ड नवं करावं लागलं.

सकाळी सगळे वेळेवर जमले. साडेपाचला हेल्मेटं, दिवे, पाण्याच्या बाटल्या, पंप; त्याने एकेकाचे ब्रेक दाबून पाहिले, सूचना दिल्या. कॅशियरकाका म्हणाले, “टाइमटेबलसाहेब, आज आवाज बसलाय का?” सगळे हसले. तोही हसला. शहराचे रस्ते मागे पडले, गोदामं मागे पडली, उजाडलं, आणि दोन्ही बाजूंना नांगरलेली जमीन आणि तिच्या पलीकडे निळे डोंगर दिसायला लागले. दर वेळी इथे त्याच्या मनावरचं ओझं उतरायचं. आज उतरलं नाही. पुढे सायकलवर बायकोची पाठ होती. पिवळ्या जॅकिटातली, थोडी पुढे वाकलेली, घामाचा एक डाग दोन खांद्यांच्या मध्ये वाढत चाललेला. वीस वर्षं ज्या पाठीशी आपण झोपतो, ती पाठ काय काय ठेवून असते? पहिला चढ झाला, सगळे केळी खायला थांबले, बांबूने फोटो काढले. कपडे शिवणाऱ्या बाई बायकोला म्हणाल्या, “तुमचं बरंय, नवराच लीडर. काही झालं तर चिंता नाही.” बायको केळ्याचं साल पिशवीत टाकत “हो ना” म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. ते काहीही नसणं त्याने फार वेळ पाहिलं.

दुसऱ्या चढावर बाकीचे पुढे गेले. चढ खडा होता, बायको शेवटच्या गिअरवर हळूहळू ओढत होती. तो तिच्या बाजूला आला. दोघांनाही धाप लागली होती आणि कदाचित म्हणूनच त्याला विचारता आलं. धापेत आवाजाचा सूर कळत नाही.

“फॉर्मवर त्याचं नाव लिहिलंस.”

तिने दोन पायडल मारले, तीन मारले. “वाचलंस ना?” ती म्हणाली. “मला वाटलं, कालच विचारशील.”

“माझं का नाही?”

“बोलू का... इथेच?”

“बोल.”

“शाळेत मी चक्कर येऊन पडले होते. चार वर्षांपूर्वी. आठवतंय?”

“हो. मी आलो होतो.”

“तू घरी आलास,” ती म्हणाली. “अडीच तासांनी. शाळेतून तुला फोन गेला तेव्हा तू येतो म्हणालास. आम्ही वाट बघत बसलो. क्लार्कबाईंनी परत लावला, तू उचलला नाहीस. माझं डोकं फुटलं होतं रे, ओढणी भिजली होती. त्या म्हणाल्या, दुसरं कोणी आहे का? माझ्या चष्म्याच्या डबीवर दुकानाचा नंबर होता, भावजींच्या. जुनी डबी. तो लावला. ते पंधरा मिनिटांत आले. टाके पडेपर्यंत माझा हात धरून बसले. मग मला घरी सोडलं आणि तू यायच्या आत निघून गेले.”

“डेपोत त्या दिवशी...”

“डेपोत त्या दिवशी काही झालं नव्हतं.” तिला खूप धाप लागली होती, पण ती थांबली नाही. “मी नंतर तुमच्या साहेबांच्या बायकोला विचारलं होतं. सहज, बाजारात भेटली तेव्हा.”

“मग मला कधी बोलली नाहीस?”

“तू कधी विचारलंस? मला घरी कोणी आणलं, हे तू चार वर्षांत एकदा तरी विचारलंस?”

चढ संपला. ती पुढे गेली. त्याची सायकल जवळजवळ थांबली होती. पडू नये म्हणून त्याने एक पाय टेकला. रस्त्याच्या कडेला एक शेळी बांधलेली होती, ती चरायची थांबून त्याच्याकडे बघू लागली. सबंध आयुष्यात त्याला इतकं उघडं कधी वाटलं नव्हतं.

खरंच विचारलं नव्हतं. शाळेतल्या कुणीतरी सोडलं असेल असं त्याने मनाशी ठरवलं होतं आणि मग तसंच झालं होतं. त्या दिवशी शाळेतून फोन आला तेव्हा तो खुर्चीतून उठला, साहेबांना सांगितलं, बायकोला बरं नाही, जिना उतरू लागला, आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर बसला. बसला म्हणजे पाय वाकले. खाली आवारात बसेस येत होत्या, जात होत्या, कंडक्टरांच्या हाका ऐकू येत होत्या. उठायचं आहे हे त्याला कळत होतं, पण ते कळणं आणि पाय यांच्यामध्ये कुणीतरी भिंत घातली होती. फोन वाजत होता, तोही कळत होता. किती वेळ, हे त्याने तेव्हा बघितलं नव्हतं, कारण घड्याळाकडे बघायचीच त्याला भीती वाटत होती. त्या जिन्यावर त्याच्या शेजारी दुसरीच एक दुपार येऊन बसली होती. तिला तो तीन वर्षं टाळत होता, आणि आता तिसरा चढ चढताना, खिंडीपर्यंतचे साडेचार किलोमीटर, ती परत त्याच्या बरोबरीने निघाली. वडिलांच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ. वडील पेपर वाचत होते, मध्येच काहीतरी बोलले, शब्द लागला नाही, त्याने विचारलं, “काय म्हणालात?” आणि वर बघितलं तर त्यांच्या तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. मग ते घसरले, अगदी सावकाश, हातातला पेपर न सोडता. घड्याळात तीन वीस. फोन त्याच्या हातातच होता. त्याने तो लावला नाही. वडील जमिनीवरून त्याच्याकडे बघत होते, त्यांचा एक डोळा त्याला ओळखत होता, वाट बघत होता, आणि तो खिडकीजवळ उभा होता. हाक मारली नाही, वाकला नाही, पाणी आणलं नाही. मिनिटकाटा पुढे सरकत होता आणि तो ते सरकणं बघत होता. एकवीस, बावीस, पंचवीस. खाली भंगारवाला ओरडत गेला. एकोणतीस. मग कशाने कोण जाणे, एखादी अडकलेली खिट्टी सुटावी तसा त्याचा अंगठा हलला आणि त्याने भावाला फोन लावला. तीन एकतीस. अकरा मिनिटं. अकरा मिनिटांत शहराची एक गाडी पाच स्टॉप करते. ही अकरा मिनिटं त्याने कुणाला सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी फोनमधली नोंद त्याने बाथरूममध्ये जाऊन पुसून टाकली होती.

खिंडीत वारा होता. सगळे टाळ्या वाजवत त्याची वाट बघत उभे होते, कारण शेवटी तो येतोय. तो पाणी प्यायला. बायको पाठमोरी उभी राहून खालचं गाव बघत होती. तो यांत्रिकपणे बोलला: अंतर ठेवा, दोन्ही ब्रेक एकदम दाबू नका, तिसऱ्या वळणावर खडी आहे, सावकाश. शब्द वहीतले होते, त्यांना त्याची गरज नव्हती. एकेक जण सुटला. बांबू, मग त्याच्या कॉलेजातले चौघे मित्र, मग बाई, मग काका, मग थोड्या अंतराने बायको, मग तो. वारा कानात शिरला. पहिलं वळण, दुसरं. तिसऱ्या वळणावर त्याने बायकोला सायकल टाकून धावताना पाहिलं आणि मग रस्त्यावर आडवे पडलेले काका पाहिले.

काकांची सायकल कठड्याला आपटून उलटी पडली होती, तिचं मागचं चाक अजून फिरत होतं. काका कुशीवर होते, एक खांदा विचित्र खाली गेलेला, कपाळातून रक्त येत होतं, आणि त्यांचा एक डोळा, एकच, दुसरा धुळीत होता, वळून याच्याकडे बघत होता. याने सायकल थांबवली. उतरला. आणि उभा राहिला. नऊ सत्तेचाळीस. मनगटावरचं घड्याळ त्याला स्पष्ट दिसत होतं. त्याला सगळं माहीत होतं. प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याच हँडलला होती, कार्ड खिशात होतं, कुणाला फोन करायचा, मान हलवू द्यायची नाही, सगळं. काही झालं तर काय करायचं, ते त्याने ठरवलेलं होतं. आता झालं होतं.

“पिशवी आण!” बायको ओरडली. ती गुडघ्यांवर बसून काकांचं डोकं दोन हातांत धरून होती. “अरे, पिशवी आण ना!”

अठ्ठेचाळीस.

तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग येईल याची त्याने वाट पाहिली. राग आला नाही. तिने त्याला पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत, जणू प्रयोगशाळेतली एखादी वस्तू नेमकी काय आहे हे आज प्रथमच तिच्या लक्षात आलं. म्हणजे ते न उचललेले फोन, ते अडीच तास, सगळं. तिचा चेहरा पांढरा पडला. मग ती अगदी हळू आवाजात बोलली, लहान मुलाला सांगतात तसं नाही, कामाच्या माणसाला सांगतात तसं.

“बरं. तू तिथेच उभा राहा. वरून गाडी आली तर ती आमच्यावर येईल. तोंड वर कर आणि हात वर कर. एक हात. तेवढं जमेल?”

त्याचा हात वर गेला. कसा गेला ते त्याला कळलं नाही. तो वळला आणि वळणाकडे तोंड करून उभा राहिला, हात वर. मागे तिने येऊन त्याच्या सायकलवरून पिशवी काढून नेल्याचा आवाज आला, कापड फाटल्याचा आवाज आला, काकांचं कण्हणं, तिचं “बोलत राहा, काका, बोलत राहा, पहिली नोकरी कुठे लागली होती तुमची?” आणि काका तुटक तुटक कुठल्यातरी बँकेच्या शाखेबद्दल सांगू लागले. मग खरोखरच वरून एक दुधाचा टेम्पो आला, भरधाव, आणि त्याचा वर केलेला हात बघून कचकन ब्रेक दाबत दहा पावलांवर थांबला. ड्रायव्हर शिवी देत खाली उतरला आणि वळणापलीकडे बघून शिवी अर्धीच सोडली. “तुम्ही उभे नसता,” तो म्हणाला, “तर मी...” याचा हात अजून वरच होता. ड्रायव्हरनेच तो धरून खाली आणला.

टेम्पोने काकांना, त्या दोघांना आणि तीन सायकलींना खालच्या गावातल्या छोट्या हॉस्पिटलात पोचवलं. बाकीचे अर्ध्या उतारावर थांबले होते. बायकोने त्यांना बांबूबरोबर परत पाठवलं, तेही तिनेच. खांद्याचं हाड मोडलं होतं, कपाळाला पाच टाके. डोक्याला काही नाही, हेल्मेटने वाचवलं. प्लास्टर होईपर्यंत दोघं बाहेर लाकडी बाकावर बसली. फिनेलचा वास होता. समोरच्या भिंतीला लहान मुलांच्या लशींचं पोस्टर होतं आणि त्याचा एक कोपरा सुटला होता. तिच्या पिवळ्या जॅकिटाच्या बाह्या काकांच्या रक्ताने कडक झाल्या होत्या.

“मला सांगायचंय,” तो म्हणाला. आणि सांगितलं. वडिलांची खोली, खिडकी, पेपर, एक डोळा. तीन वीस. तीन एकतीस. कधीच कुणाला न सांगितलेली अकरा मिनिटं बोलून दाखवायला मिनिटभरही लागलं नाही. त्याला वाटलं होतं, हे बोललं की छत कोसळेल. ती उठून जाईल. ती पोस्टरकडे बघत होती.

“तू उभा राहिलास, ते मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “ते आज कळलं. मला वाटायचं, तू टाळतोस. पण अकरा मिनिटं माहीत होती.”

त्याला नीट ऐकू आलं नाही, असं वाटलं. “काय माहीत होती?”

“भावजींच्या फोनमध्ये पहिला मिस्ड कॉल तीन एकतीसचा आहे. तू हॉस्पिटलात तीन वीस तीन वीस ओरडत होतास, तेव्हा ते फोन काढून तेच बघत होते. त्यांनी अजून पुसला नाहीये तो. टाके घालताना मला दाखवला, मी विचारलं म्हणून.”

हे त्याला सात वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. एकदाही. मिनिटांवर ज्याचं पोट, त्या माणसाला हे सुचलं नव्हतं, की फोन दोन असतात आणि एकातली वेळ पुसली तरी दुसऱ्यातली राहते. बाकाची कड त्याने दोन्ही हातांनी धरली. भावाला माहीत होतं. त्याच क्षणी माहीत होतं. मावशीसमोर, शेजाऱ्यांसमोर, नुसता फोन वर करून दाखवला असता तरी झालं असतं. याने उचललेलं ते बोट, आणि त्या बोटासमोर खाली मान घालून उभा राहिलेला तो.

“मग तो बोलला का नाही?”

“मीही हेच विचारलं. म्हणाले, दादाला त्या वेळी कुणाला तरी दोष द्यायचा होता, वहिनी, आणि मी हाताशी होतो.” तिने जॅकिटाच्या कडक बाह्या वर दुमडल्या. “मी तू सांगायची वाट बघत होते. चार वर्षं बघितली. मग फॉर्म आला.”

“तू मुद्दाम लिहिलंस?”

“नाही. मुद्दाम नाही. पेन हातात घेतलं आणि विचार केला, मला काही झालं तर कोण येईल. खरंच कोण येईल. तेच लिहिलं.” मग ती उठली. “काकांना घरी न्यायला मी भावजींना गाडी घेऊन बोलावलंय. तासाभरात येतील म्हणाले. तुला सांगून ठेवते.”

तो तासभर तिथेच बसला. पळून जावं असं वाटलं, आणि गंमत म्हणजे पाय आता अगदी ठीक होते, चालले असते. त्याने बाहेर येऊन सायकली भिंतीशी नीट लावल्या. पांढरी, मोठी, दुकानाचं नाव लिहिलेली गाडी फाटकातून आत आली तेव्हा तो तिथेच होता. धाकटा उतरला. त्याचे केस कपाळावरून मागे गेले होते, कानांजवळ पांढरे झाले होते, आणि चालण्यात वडिलांची ती किंचित डावीकडे झुकायची ढब आली होती. धाकट्याने त्याच्याकडे एकदा बघितलं, मग सायकलींकडे.

“वहिनी बरी आहे ना?”

“बरी आहे. आत आहे, काकांजवळ.”

“या तिन्ही न्यायच्यात?”

“हो.”

धाकट्याने मागचं दार उघडलं, शेवटची सीट दुमडली, जागेचा अंदाज घेतला. “दोन बसतील. तिसरी इथे ठेवावी लागेल.”

“तीन वीसला बाबा पडले,” तो म्हणाला. “मी उभा होतो. बघत उभा होतो. तुला फोन केला तो तीन एकतीसला. सगळ्यांसमोर मी खोटं बोललो.”

धाकट्याचा हात दाराच्या कडीवर राहिला. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला, आणि पुसतच राहिला. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या. चष्म्याविना त्याचे डोळे लहान आणि थकलेले दिसत होते. आत कुठेतरी बायकोचा आवाज आला, ती काकांना हळूहळू उठवत होती.

“यांची पुढची चाकं निघतात का?” धाकट्याने विचारलं.

“निघतात.”

“मग काढ. म्हणजे तिन्ही बसतील.”

तो खाली बसला. चाकाचा खटका उघडताना बोटं घसरली, दुसऱ्यांदाही घसरली. धाकट्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, पुढे येऊन सायकलचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि ती उचलून स्थिर ठेवली.

“मी काही विसरलेलो नाही, दादा,” तो वरून म्हणाला. “पण तू आधी हे चाक काढ.”